डर्थ : महागाईच्या पोटी जन्मलेला टंचाईचा शब्द

इंग्रजीतल्या ‘डर्थ’ या शब्दाचा आजचा अर्थ सरळ आहे : वानवा, उणीव, टंचाई. चांगल्या शिक्षकांची डर्थ, पुराव्याची डर्थ, नव्या कल्पनांची डर्थ असे प्रयोग इंग्रजी लेखनात नेहमी भेटतात. ‘आपल्याकडे गुणवत्तेची डर्थ नाही’ हे वाक्य तर भारतातल्या इंग्रजी भाषणांत हमखास ऐकू येते. पण हा शब्द जन्मला तो धान्याच्या बाजारात. तेराव्या शतकापासून पुढची कित्येक शतके इंग्लंडमध्ये डर्थ म्हणजे धान्य महागल्याचे वर्ष, आणि त्या महागाईत ज्याला पाव परवडत नाही त्याची उपासमार. धान्य किती कमी पिकले हे सांगण्याआधी ते किती महागले हे हा शब्द सांगत असे.

शब्दाची घडण साधी आहे. इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘डिअर’ हा अख्खा शब्द लिहून पुढे टी आणि एच ही दोन अक्षरे जोडली की ‘डर्थ’ होतो. ‘डिअर’ म्हटले की पत्राचा मायना डोळ्यांपुढे येतो, पण त्याचा दुसरा अर्थ ‘महाग’ असा आहे आणि ब्रिटिश इंग्रजीत तो अजून बोलण्यात आहे. जुन्या इंग्रजीत या शब्दाचे रूप ‘देओरे’ असे होते आणि तेव्हाच त्याला दोन्ही अर्थ होते : मोलाचा म्हणून महाग, आणि मोलाचा म्हणूनच लाडका. ‘डार्लिंग’ हा शब्दही याच ‘देओरे’पासून आलेला. विशेषणाला ‘थ’ लावून भाववाचक नाम करण्याची पद्धत इंग्रजीत जुनी आहे. ‘वॉर्म’पासून ‘वॉर्म्थ’, ‘डीप’पासून ‘डेप्थ’, ‘ट्रू’पासून ‘ट्रूथ’ असे शब्द तिच्यातूनच झाले. प्रत्यय लागला की मूळ शब्दातला लांब स्वर पुष्कळदा आखडतो. ‘हील’चे ‘हेल्थ’ होते, ‘स्टील’चे ‘स्टेल्थ’ होते, तसेच ‘डिअर’चे ‘डर्थ’ झाले. मराठीत ‘महाग’ला ‘आई’ लागून ‘महागाई’ होते, त्याच जातीची ही घडण.

‘डेर्थे’ हे रूप लिखित इंग्रजीत तेराव्या शतकाच्या मध्यापासून आढळते. सुरुवातीला ते दुष्काळाबद्दल वापरले जाई, आणि चौदाव्या शतकापासून इतर वस्तूंच्या टंचाईलाही लागू होऊ लागले. त्याच्या भावंडांची गोष्ट मोठी लक्षणीय आहे. जुन्या सॅक्सन आणि जुन्या जर्मन भाषेत याच घडणीचे शब्द आहेत, पण त्यांचा अर्थ वैभव, गौरव, थोरवी असा होतो. तिथे ‘मोलाचे’ हा अर्थ वर चढला. डच भाषेत ‘दूर्ते’ म्हणजे महागाई आणि टंचाई. जर्मन भाषेत ‘टॉयर’ म्हणजे महाग आणि ‘टॉयरुंग’ म्हणजे भाववाढ. जुन्या जर्मन लेखनात दुष्काळी वर्षांना हाच शब्द लावलेला असतो. एकाच मुळाच्या शब्दाने एका भाषेत थोरवी दाखवली आणि दुसरीत उपासमार.

हा प्रवास जर्मानिक भाषांपुरता नाही. लॅटिन ‘कारुस’ म्हणजे प्रिय आणि महागही. त्यापासून झालेला ‘कारितास’ हा शब्द रोमन लेखक माया आणि धान्याची महागाई या दोन्ही अर्थांनी वापरत. सिसेरोच्या लेखनात धान्याच्या भाववाढीला हाच शब्द येतो. पुढे ख्रिस्ती परंपरेने त्यातला प्रेमाचा अर्थ उचलला आणि त्यातूनच ‘चॅरिटी’ हा दानधर्माचा शब्द इंग्रजीत आला. फ्रेंच भाषेत ‘शेर’ म्हणजे प्रिय आणि महाग, तर ‘शेर्ते’ म्हणजे महागाई. क्रांतीआधीच्या फ्रान्समध्ये पाव महागला की लोकांच्या तोंडी हाच शब्द असे.

टंचाईसाठी इंग्रजीत शब्दांचा तुटवडा नाही, आणि प्रत्येकाची कुळी निराळी आहे. ‘फॅमिन’ जुन्या फ्रेंचमधून आला. त्याच्या मुळाशी लॅटिन ‘फामेस’ म्हणजे भूक. ‘स्कार्सिटी’ही फ्रेंचमार्गे आला, पण त्याच्या मुळाशी वेचून काढण्याची, तोडून घेण्याची क्रिया आहे. पुस्तकातून वेचलेल्या उताऱ्याला इंग्रजीत ‘एक्सर्प्ट’ म्हणतात, तो याच कुळातला. वेचून घेतले की मागे थोडेच उरते, हा ‘स्कार्सिटी’चा मूळ भाव. ‘शॉर्टेज’ अगदी अलीकडचा, एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत रूढ झालेला. या सगळ्यांत टंचाई पोटाकडून पाहणारा शब्द ‘फॅमिन’, साठ्याकडून पाहणारा ‘स्कार्सिटी’, आणि बाजारात पैसे मोजायला उभ्या असलेल्या माणसाकडून पाहणारा शब्द ‘डर्थ’.

किमतीला इतके महत्त्व का आले, याचे उत्तर त्या काळच्या शेतीत आहे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये गहू, राय, सातू आणि ओट ही मुख्य धान्ये होती. पेरलेल्या एका दाण्यामागे चार-पाच दाणे हाती आले तरी पीक बरे म्हणायचे, आणि त्यातला एक पुढच्या पेरणीसाठी बाजूला ठेवावाच लागे. उन्हाळ्यात पाऊस लागून राहिला, कणसे शेतातच कुजली की उत्पन्न थोडे घटे, पण विकायला उरणारा हिस्सा फार घटे. बियाणे आणि घरचे खाणे आधी काढून ठेवले जाई आणि सगळी तूट बाजारात उतरे. त्यामुळे पिकाच्या घटीपेक्षा भावाची उसळी नेहमीच मोठी असे.

या उसळीचा हिशेब सतराव्या शतकाच्या अखेरीस मांडला गेला. तो ग्रेगरी किंग या आकडेमोडीच्या अभ्यासकाच्या नावाने ओळखला जातो, आणि १६९९ मध्ये चार्ल्स डॅव्हनंटच्या पुस्तकातून तो छापून आला. पीक एक दशांशाने घटले तर भाव तीन दशांशाने चढतो. दोन दशांशांची घट झाली तर चढ आठ दशांशांचा. तीन दशांशांची घट झाली की भाव नेहमीपेक्षा सोळा दशांशांनी चढतो, म्हणजे अडीच पटींच्याही वर जातो. पीक निम्मेच आले तर चढ पंचेचाळीस दशांशांचा, म्हणजे भाव साडेपाच पट. हे आकडे काटेकोर मोजणीचे नसतील, पण त्यांतून दिसणारी गोष्ट खरी आहे. ज्या वर्षी शेतात धान्य निम्मे असते, त्या वर्षी मजुराच्या हातातल्या पैशाला निम्मे नव्हे, त्याहून कितीतरी कमी धान्य मिळते.

सामान्य माणसाला ही महागाई पावाच्या वजनातून कळे. तेराव्या शतकात, १२६६ च्या सुमारास, इंग्लंडमध्ये पाव आणि बिअर यांच्या विक्रीचा कायदा झाला. त्यात पावाची किंमत कायम ठेवून वजन बदलण्याची रीत होती. पाव फार्दिंगला, म्हणजे पाव पेनीला, किंवा एका पेनीला विकायचा. गहू महागला तरी किंमत तीच, लहान होई तो पाव. गव्हाचा भाव दुप्पट झाला की पाव जवळपास निम्म्यावर येई. कुठल्या भावाला पावाचे वजन किती, याचे तक्ते ठरलेले असत आणि वजनात मारणाऱ्या बेकरीवाल्याला दंड होई, प्रसंगी भर बाजारात खोड्यात उभे केले जाई. ही पद्धत लंडनमध्ये १८२२ पर्यंत आणि इंग्लंडच्या इतर भागांत १८३६ पर्यंत टिकली. महाराष्ट्रात जुन्या पिढ्या धान्याचा भाव ‘रुपयाला अमुक शेर’ असा सांगत आणि मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्येही भावांची नोंद रुपयाला किती धान्य मिळते अशीच केलेली आहे. दोन्हीकडे पैसा स्थिर आणि माप हलते. महागाई आणि टंचाई या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत असे अशा बाजारात कुणाला वाटण्याचे कारणच नव्हते.

विसाव्या शतकातल्या इतिहासकारांनीही डर्थ किमतीवरूनच मोजली. डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांनी १९६४ मध्ये इंग्लंडच्या १४८० ते १६१९ या काळातल्या पिकांचा अभ्यास छापला. पीक किती आले याच्या नोंदी नव्हत्या, भावांच्या होत्या. म्हणून त्यांनी ३१ वर्षांची फिरती सरासरी काढली आणि ज्या वर्षी भाव तिच्यापेक्षा निम्म्याने किंवा त्याहून अधिक चढला, त्या वर्षाला डर्थचे वर्ष ठरवले.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द इंग्लंडमध्ये सगळ्यांच्या तोंडी होता. १५८६ चे पीक वाईट गेले आणि १५९४ पासून तर ओळीने चार वर्षे पावसाने पिके बुडवली. महागाईच्या अशा काळात गरीब माणूस गव्हावरून खाली उतरत जाई : आधी गहू-रायची मिसळ, मग सातू, मग ओट, आणि त्यानंतर एरवी घोड्यांना घालायचे वाटाणे नि शेंगा. विल्यम हॅरिसनने १५७७ मध्ये छापून आलेल्या आपल्या इंग्लंडवर्णनात हे नोंदवले आहे. ओक झाडाच्या फळांचा पाव करून खाण्याची पाळी येते, असेही तो लिहितो. १५९६ मध्ये ह्यू प्लॅट या लेखकाने उपासमारीवरच्या उपायांची एक पुस्तिकाच काढली आणि ती चालू डर्थच्या निमित्ताने लिहिल्याचे मुखपृष्ठावर सांगितले. वाटाण्याचा उग्र वास उकडून कसा घालवावा, स्वस्त पिठांचा पाव कसा करावा, अशा कृती तिच्यात आहेत.

सरकारचे उत्तर होते हुकूमनामे. १५८७ च्या जानेवारीत राणी एलिझाबेथच्या सरकारने ‘बुक ऑफ ऑर्डर्स’ या नावाने ओळखली जाणारी आज्ञावली छापली. तिच्या शीर्षकातच धान्याच्या डर्थवर उपाय योजण्याचा उल्लेख आहे. तिच्यातली योजना तपशीलवार होती. स्थानिक न्यायाधीशांनी पंच नेमून घरोघरच्या कोठारांची तपासणी करायची. घरात माणसे किती, धान्य किती, बियाण्याला किती लागेल हे लिहून घ्यायचे आणि उरलेले धान्य दर आठवड्याला ठरलेल्या मापाने बाजारात आणायला लावायचे. बाजारात पहिली संधी गरिबाला, तीही थोड्या मापाने घेता येईल अशी. बिअरसाठी सातूचा माल्ट करण्यावर मर्यादा. बाजारात येण्याआधीच माल उचलणारे, साठा करणारे, एका बाजारात घेऊन दुसऱ्यात चढ्या भावाने विकणारे यांच्याविरुद्ध १५५२ चा कायदा आधीपासून होताच. ही आज्ञावली त्यानंतर १५९४, १६०८, १६२२ आणि १६३० मध्ये पुन्हा काढली गेली. साठेबाजीबद्दल त्या काळच्या लोकांची आणि राज्यकर्त्यांची चीड एकसारखी होती. भाव चढतो तो निसर्गामुळे की माणसाच्या लोभामुळे, हा वाद मात्र तेव्हाही मिटला नव्हता.

या तपासणीच्या जाळ्यात एक परिचित नाव सापडते. ४ फेब्रुवारी १५९८ रोजी स्ट्रॅटफर्ड गावात धान्य आणि माल्टच्या साठ्याची यादी झाली. तिच्यात विल्यम शेक्सपिअरच्या घरी १० क्वार्टर, म्हणजे ८० बुशेल माल्ट असल्याची नोंद आहे. त्याच्या काही शेजाऱ्यांकडे याहून अधिक होता. माल्ट करणे हा त्या गावचा मुख्य धंदा, त्यामुळे एवढ्यावरून त्याला नफेखोर ठरवणे अन्यायाचे होईल. पण डर्थ हा शब्द त्याने कुठल्या अनुभवातून वापरला, हे या यादीतून समजते. १६०७ मध्ये इंग्लंडच्या मध्य भागात कुंपणे घालून शेते बळकावण्याविरुद्ध शेतकऱ्यांनी उठाव केला. त्यानंतर लवकरच लिहिलेल्या ‘कोरिओलेनस’ नाटकाचा पडदा धान्यासाठी चिडलेल्या रोमन नागरिकांवर उघडतो, आणि तिथे मेनेनिअस हा सरदार डर्थचा दोष देवांवर टाकून उमरावांना मोकळे करू पाहतो. ‘हॅम्लेट’मध्ये मात्र हाच शब्द मोल, दुर्मीळ थोरवी या अर्थाने येतो. म्हणजे १६०० च्या आसपास मूळ अर्थ अजून जिवंत होता आणि एकाच लेखकाला दोन्ही अर्थ हाताशी होते.

१६११ मध्ये छापलेल्या किंग जेम्स बायबलमध्येही शब्दाची हीच अवस्था दिसते. योसेफाच्या कथेत सात वर्षांच्या दुष्काळाला एकाच प्रकरणात कधी ‘फॅमिन’ म्हटले आहे, कधी ‘डर्थ’. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकात अगाब या संदेष्ट्याने सांगितलेल्या जगभरच्या दुष्काळालाही ‘डर्थ’ हाच शब्द आहे. नव्या इंग्रजी अनुवादांनी या जागी बहुधा ‘फॅमिन’ घातले, कारण आजच्या वाचकाला ‘डर्थ’ त्या प्रसंगाला अपुरा वाटतो.

तरीही दोन शब्दांत अंतर होते आणि ते जीवघेणे होते. डर्थमध्ये माणूस कर्ज काढतो, भांडी विकतो, हलके धान्य खातो आणि तगतो. फॅमिनमध्ये तो मरतो. १६२३ मध्ये इंग्लंडच्या वायव्येकडच्या कंबरलंड आणि वेस्टमोरलंड भागाने ही सीमा ओलांडली. ग्रेस्टोक या गावच्या चर्चची दफननोंदवही त्याची साक्ष देते. नाव, तारीख एवढेच लिहिण्याची रीत असलेल्या त्या वहीत त्या वर्षी माणूस अन्नाविना मेला, असे कारणही लिहिलेले आढळते. मृतांत फिरस्ते भिकारी आहेत, विधवा आहेत, लहान मुले आहेत. त्याच वर्षी दक्षिण इंग्लंडमध्ये महागाई होती, पण अशी मरणे नव्हती. फरक केवळ पिकाचा नव्हता. डोंगराळ उत्तरेतला शेतकरी मेंढ्या आणि लोकर विकून धान्य घेणारा. लोकरीचा बाजार पडला आणि धान्य महागले, तेव्हा त्याच्याकडे विकायलाही काही उरले नाही.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धानंतर इंग्लंडमध्ये महागाई आली तरी तिच्या मागून मृत्यूची लाट येणे बहुतांशी थांबले. शेती सुधारली, वाहतूक वाढली, आणि १५९८ आणि १६०१ च्या कायद्यांनी प्रत्येक गावावर आपल्या गरिबांना पोसण्याची जबाबदारी आली होती. स्कॉटलंडला मात्र १६९० च्या दशकात आणि आयर्लंडला १७४०-४१ मध्ये भीषण उपासमार सोसावी लागली. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये डर्थच्या वर्षांनी माणसे मारण्यापेक्षा दंगे अधिक घडवले. इतिहासकार ई. पी. टॉम्पसन यांनी १९७१ च्या आपल्या गाजलेल्या निबंधात या दंग्यांची रीत उलगडून दाखवली. जमाव धान्याची गाडी अडवी, धान्य आपल्याला रास्त वाटणाऱ्या भावाने विकी आणि पुष्कळदा जमलेले पैसे मालकाच्या हाती देई. त्यांची मागणी फुकटाची नव्हती, रास्त भावाची होती. १७९५ च्या महागाईत बर्कशरमधल्या स्पीनहॅमलंड इथे जमलेल्या न्यायाधीशांनी पावाच्या भावाशी जोडलेली मदत ठरवली. साडेआठ पौंडांहून थोडा जास्त वजनाचा पाव एक शिलिंगला असेल तर कष्टकरी पुरुषाचे उत्पन्न आठवड्याला तीन शिलिंग आणि बायको व प्रत्येक मुलामागे दीड शिलिंग इतके व्हावे, कमी पडेल ते गावाने द्यावे, आणि पाव महागेल तशी रक्कम वाढावी.

डर्थ आणि फॅमिन यांतला फरक सगळ्यांत धारदार शब्दांत मांडला तो अ‍ॅडम स्मिथने. १७७६ च्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’मध्ये धान्यव्यापारावर एक लांब प्रकरणांश आहे. त्याचे म्हणणे असे की युरोपात डर्थ येते ती खऱ्या तुटीमुळे, बहुधा हवामानामुळे, कधी युद्धामुळे. व्यापाऱ्यांच्या संगनमताने ती येत नाही. आणि फॅमिन येते ती सरकारने चुकीच्या जबरदस्तीने डर्थ हटवायला गेल्यामुळे. उदाहरण म्हणून त्याने बंगाल घेतला. १७६९ मध्ये तिथे पाऊस फसला आणि १७७० मध्ये प्रचंड मनुष्यहानी झाली. अवर्षणाने फार तर मोठी महागाई आली असती, पण ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरांनी तांदळाच्या व्यापारावर घातलेल्या बंधनांनी तिचा दुष्काळ व्हायला हातभार लावला असावा, असा त्याचा निष्कर्ष. प्रांताची सुमारे एक तृतीयांश वस्ती नाहीशी झाल्याचा अंदाज वॉरन हेस्टिंग्जने १७७२ मध्ये विलायतेला कळवला. तरीही सारावसुली पूर्वीच्या पातळीवर जबरीने टिकवली गेल्याची कबुलीही त्यानेच दिली. या वसुलीचा स्मिथच्या उताऱ्यात विचार नाही, आणि ती त्याच्या मांडणीतली मोठी उणीव आहे.

स्मिथने दोष दिला होता कंपनीला. पुढच्या शतकात भारतातल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी त्याच्याच पुस्तकाचा आधार घेऊन दुष्काळात हात बांधून बसणे पसंत केले. भाव चढला की व्यापारी आपोआप धान्य आणतील, सरकारने मध्ये पडू नये, हे सूत्र झाले. १८६६ मध्ये ओडिशात याच भरवशावर बाहेरून तांदूळ आणण्यास उशीर केला गेला. पावसाळा सुरू होऊन किनारा बंद झाला आणि सुमारे दहा लाख माणसे मेली. व्यापारी धान्य आणतात ते पैसे असणाऱ्याकडे. ज्याची मजुरीच बुडाली त्याच्यासाठी चढा भाव हे आमंत्रण नसून बंद दार असते. १८७६-७८ च्या दख्खनच्या दुष्काळात सरकारी कामावरची मजुरी जेमतेम एक पौंड धान्याच्या हिशेबावर आणली गेली, तेव्हा मुंबई इलाख्यातल्या हजारो मजुरांनी कामे सोडून विरोध केला आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची स्थिती लिहून सरकारपुढे ठेवली. १८८० च्या दुष्काळ आयोगाने अखेर मान्य केले की अवर्षणाचा पहिला घाव शेतमजुरीवर बसतो. त्यानंतर आलेल्या दुष्काळ संहितांमध्ये वाढत्या भावाला धोक्याची खूण मानले गेले आणि टंचाई आणि दुष्काळ अशा पायऱ्या पाडल्या गेल्या. इंग्रजी कागदांत त्या पायऱ्यांची नावे ‘स्कार्सिटी’ आणि ‘फॅमिन’. ‘डर्थ’ तोवर सरकारी भाषेतून मागे पडला होता.

महाराष्ट्रात या पायऱ्यांना पुढे कायद्याचेच रूप आले. १९६३ मध्ये राज्याने एक कायदा करून आपल्या सगळ्या कायद्यांमधून ‘फॅमिन’ हा शब्द काढला आणि त्या जागी ‘स्कार्सिटी’ घातला. टंचाई दिसताच सरकार मदत सुरू करते, त्यामुळे आता दुष्काळाची वेळ येणार नाही, ही त्यामागची भूमिका. नऊ वर्षांनी १९७२ उजाडले. शेते करपली. खडी फोडण्याची, रस्त्यांची आणि पाझर तलावांची कामे निघाली आणि १९७३ च्या उन्हाळ्यात त्यांवर सुमारे ५० लाख माणसे होती. मदत म्हणून मिळालेली मिलो ज्वारी आणि सुकडी हा कोरडा खाऊ, हे शब्द त्या पिढीच्या जिभेवरून अजून गेलेले नाहीत. त्या वर्षी लोक वाचले ते कामामुळे आणि त्या कामाच्या मजुरीमुळे. कायद्यातल्या शब्दाने कुणाच्या ताटात काही वाढले नाही. कामाचा तो अनुभव १९७७ च्या रोजगार हमी कायद्यात उतरला. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये ‘पॉव्हर्टी अँड फॅमिन्स’मध्ये १९४३ च्या बंगालबद्दल दाखवून दिले तेही याच दिशेचे : बाजारात तांदूळ होता, पण तो ग्रामीण मजुराच्या आवाक्याबाहेर गेला होता. धान्याची तूट आणि धान्य विकत घेण्याची ताकद या वेगळ्या गोष्टी आहेत हे अर्थशास्त्राला पुन्हा शिकावे लागले. मध्ययुगातल्या ‘डर्थ’मध्ये ते आधीच साठवलेले होते.

शब्दाचा पुढचा प्रवास धान्यापासून दूर जाण्याचा आहे. इंग्लंडच्या ताटातली भाकरी सुरक्षित झाली तसा ‘डर्थ’ अमूर्ताकडे सरकला. आज त्यात किंमत मुळीच उरलेली नाही. ‘पुराव्याची डर्थ’ म्हणताना पुरावा महागला असे कुणाच्या मनात येत नाही. त्यात एक खंत मात्र टिकून आहे. जी गोष्ट असायला हवी होती तिच्याच अभावाला हा शब्द शोभतो. रोगांची किंवा चोरांची डर्थ असे गंभीर लेखनात कुणी लिहीत नाही. किमतीचा जुना अर्थ वाहायला आता ‘डिअरनेस’ हा जुळा शब्द उरला आहे, आणि तो भारतातल्या प्रत्येक नोकरदार घराला ठाऊक आहे. दुसऱ्या महायुद्धात धान्य महागले तेव्हा ‘डिअर फूड अलाउन्स’ या नावाने सुरू झालेली रक्कमच आजचा ‘डिअरनेस अलाउन्स’, म्हणजे महागाई भत्ता.

मराठीत या एका शब्दासाठी एकच शब्द चालत नाही. आजच्या इंग्रजीतल्या ‘डर्थ’ला ‘वानवा’ नेमका बसतो, कारण त्यातही हव्या त्या गोष्टीच्या उणिवेची खंत आहे. जुन्या मजकुरात मात्र तो बसत नाही. तिथे ‘धान्याची महागाई’ किंवा ‘महागाईचा काळ’ असेच म्हणावे लागते. संस्कृतातून आलेला ‘दुर्भिक्ष’ हा शब्दही जवळचा आहे : ज्या काळी भिक्षा मिळणे कठीण तो दुर्भिक्षाचा काळ, म्हणजे इथेही मोजमाप मागणाऱ्याच्या झोळीवरून. जुने इंग्रजी दस्तऐवज, बायबलचे भाषांतर किंवा अठराव्या शतकातले अर्थशास्त्र वाचताना ‘डर्थ’ भेटला, तर मराठी वाचकाने आधी त्या वर्षीचा धान्याचा भाव आणि मजुरीचा दर पाहावा. वाक्याचा अर्थ बहुतेक वेळा तिथेच सापडतो.